वंशावळीचा शोध कसा आखावा : वाचकांचे प्रश्न

घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. विषय घरगुती असल्यामुळे पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावे दिली आहेत आणि लांब पत्रांचा आशय थोडक्यात घेतला आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. चुलत्यांची जुनी वही, सातबारा उतारे, लग्नपत्रिका, मोडीतील दोन कागद आणि नातेवाइकांनी सांगितलेल्या आठवणी असे पुष्कळ साहित्य जमले आहे. शिवकाळापर्यंत मागे जाण्याची इच्छा आहे. परंतु एकाच नावाची माणसे वारंवार येतात आणि कोण कोणाचा मुलगा हेच समजेनासे झाले आहे. काम कसे आखावे? — एक वाचक, वाई

उत्तर : आपण साहित्य भरपूर जमवले आहे, पण ते कोणत्या प्रश्नासाठी जमवले हे ठरलेले दिसत नाही. शिवकाळ तूर्त बाजूला ठेवावा आणि ज्याचे उत्तर एखाद्या कागदात सापडू शकेल असा एकच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. ‘आमचे घराणे मूळचे कोठले’ हा तसा प्रश्न नव्हे. ‘१९१५ च्या सुमारास हयात असलेल्या पणजोबांना भाऊ किती होते आणि त्यांच्या वडिलांचे नाव काय’ हा तसा प्रश्न आहे. त्याखाली हे उत्तर कोणत्या कागदात असू शकेल, तो कागद कोणत्या कार्यालयात किंवा कोणाच्या घरी असेल, तेथे केव्हा गेलो आणि काय आढळले, अशी नोंद ठेवावी. काहीच आढळले नाही तर तेही तारखेसह लिहावे. नाहीतर दोन वर्षांनी तेच दप्तर पुन्हा उलगडण्याची वेळ येते.

कागदांआधी माणसे गाठावीत. अभिलेख कक्षातील नोंदवही पुढच्या वर्षीही तेथेच असेल. पंच्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंबद्दल तसे म्हणता येत नाही. मात्र वडीलधाऱ्यांना ‘वंशावळ सांगा’ असे म्हटल्यास बहुधा तीन नावांपलीकडे काही निघत नाही. कोणाच्या मृत्यूचे दहा दिवसांचे सुतक आपण धरत होतो, कोणाचे तीनच दिवसांचे, नवरात्र एकत्र बसवणारी घरे कोणती, गावदेवाच्या पूजेची पाळी कोणत्या घरांत फिरते, विहिरीच्या पाण्यात वाटा कोणाचा, असे विचारावे. भाऊबंदकी कोठवर पोहोचते हे या प्रश्नांतून आपोआप उघड होते. घरचे उपाध्याय असतील तर श्राद्धतिथींची यादी मागावी. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होत असल्याने ती नावे तेथे टिकून राहतात.

आता एकाच नावाच्या माणसांविषयी. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे विठ्ठल गोविंद, त्याचा मुलगा गोविंद विठ्ठल, त्याचा मुलगा पुन्हा विठ्ठल गोविंद अशी साखळी तयार होते, आणि चुलत घरांतही त्याच आजोबांचे नाव चालते. म्हणून केवळ नाव जुळले एवढ्यावर दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत. वडिलांचे नाव, गाव आणि त्याखेरीज तिसरी एखादी खूण, म्हणजे पत्नीचे नाव किंवा जमिनीचा सर्व्हे नंबर, यांचा मेळ बसेपर्यंत त्या दोन स्वतंत्र व्यक्ती समजाव्यात. जमिनीची खूण वापरताना १९४७ च्या कायद्यानुसार झालेल्या एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले आहेत हे ध्यानात ठेवून जुन्या-नव्या क्रमांकांचा उतारा आधीच काढून घ्यावा. पिढ्यांचा हिशेबही तपासत राहावे. एका पिढीस सरासरी पंचवीस ते तीस वर्षे धरली, तर नव्वद वर्षांत सहा पिढ्या बसवणाऱ्या वंशावळीत बहुधा भाऊ हे बाप-लेक म्हणून लिहिले गेलेले असतात, आणि दीडशे वर्षांत तीनच पिढ्या असतील तर मधले कोणी तरी गळलेले असते.

सातबाऱ्यापेक्षा फेरफार अधिक बोलका असतो. सातबारा आज जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली, हे गाव नमुना सहामधील फेरफार नोंदी सांगतात. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हा साधारण शंभर वर्षांची साखळी या नोंदींतून बांधता येते. वारस फेरफारात मृत्यूची तारीख, वारसांची नावे आणि नाती असतात. मात्र नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून लागलेली आहे, म्हणजेच तिचे भाऊ उताऱ्यात दिसत नसले तरी असू शकतात, हे विसरू नये. ‘अ.पा.क.’ असेल तर खातेदार त्या वेळी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता आणि शेजारचे नाव त्याच्या पालकाचे आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रेही होऊ लागली. त्या हक्कसोडीच्या न्याय-अन्यायाबद्दल काहीही म्हणावे, संशोधकाला मात्र तिच्यामुळे आत्याचे सासरचे नाव आणि गाव मिळते. त्याही मागे जायचे असेल तर एकोणिसाव्या शतकातील मोजणीच्या वेळची शेतवार पत्रके तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागावीत. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर घरबसल्याही पाहता येतात.

मांडणीसाठी एक जुनी क्रमांकपद्धत सोयीची आहे. स्वतःला १ क्रमांक द्यावा. कोणाही व्यक्तीच्या वडिलांचा क्रमांक तिच्या क्रमांकाच्या दुप्पट आणि आईचा त्याहून एक अधिक. वडील २, आई ३, आजोबा ४, आजी ५ असे लिहीत गेले की पणज्या-पणजोबांच्या पिढीत आठ आणि खापरपणजोबांच्या पिढीत सोळा जागा तयार होतात. आपल्याकडील बहुतेक वंशावळींत त्यांतील १, २, ४, ८, १६ एवढेच क्रमांक भरलेले असतात आणि बाकीच्या रिकाम्या जागा या पद्धतीत ठळकपणे दिसतात. प्रत्येक नावापुढे ते कोठून मिळाले हे लिहावे: ‘फेरफार क्रमांक अमुक’, ‘धाकट्या काकूंनी सांगितले’, ‘चुलत्यांची वही, ती कशावरून लिहिली ते माहीत नाही’. संगणकाचा कार्यक्रम वापरावा की साधी वही, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न : आमच्या पूर्वजांना पेशव्यांकडून इनाम होते असे घरात सांगतात. पुण्यातील पेशवे दफ्तरात शोध घ्यावा असे वाटते, पण मोडी येत नाही. कशी तयारी करावी? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पेशवे दफ्तर, म्हणजे पुणे पुराभिलेखागार, येथे कागद घराण्यांच्या नावाने लावलेले नाहीत. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी, जमाव असे त्याचे विभाग असून कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत. आडनाव सांगून फाइल मागणारा वाचक तेथून रिकाम्या हातांनी परततो. जाण्यापूर्वी निदान चार गोष्टी हाती हव्यात: इनामाचे गाव, त्या वेळचा परगणा किंवा तर्फ, अंदाजे काळ, आणि इनाम धारण करणाऱ्याचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. परगण्याचे नाव हे आजच्या तालुक्याचे नाव असेलच असे नाही.

आपल्या बाबतीत इंग्रजी अमदानीतील कागदांपासून उलटे मागे जाणे शहाणपणाचे ठरेल. इनामे खरी की खोटी हे तपासण्यासाठी इनाम कमिशनने घराण्यांकडून सनदा आणि हकिकती मागवल्या; १८५२ च्या कायद्याने त्या चौकशीला अधिकार मिळाले. त्या काळी हक्क सिद्ध करायचा म्हणजे मूळ इनामदारापासून आपल्यापर्यंतचा वंश दाखवणे भाग होते, म्हणून या चौकशीच्या कागदांत वंशावळी सापडतात. अठराव्या शतकातील वतनांच्या भांडणांत ‘करीना’ नावाचा कागद येतो. त्यात वादी किंवा प्रतिवादी आपल्या घराण्याची हकिकत मूळ पुरुषापासून सांगतो. करीना वाचताना आपले पूर्वज बोलत आहेत असा आनंद होतो खरा, परंतु तो पक्षकाराने स्वतःच्या फायद्यासाठी लिहून दिलेला कागद आहे. विरुद्ध पक्षाचा करीना आणि शेवटी झालेले निवाडपत्र हाती येईपर्यंत त्यातील नावे पेन्सिलीनेच लिहावीत.

मोडीची पुरेशी ओळख काही महिन्यांच्या नियमित सरावाने होते आणि पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्गही चालवले जातात. सगळे कागद दुसऱ्याकडून वाचवून घेण्यापेक्षा आपली आडनावे, गावांची नावे आणि कालगणना एवढे तरी स्वतः ओळखता यावे. कालगणना यासाठी की या कागदांत शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतील जुनी कालगणना, अक्षरी अरबी अंकांत असतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७१-७२ हे इसवी वर्ष येते. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून महिना पाहिल्याशिवाय कोणती संख्या मिळवायची ते ठरत नाही.

पुण्याला जाण्याआधी त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील आपल्या तीर्थोपाध्यायांकडे एकदा जाऊन यावे. यात्रेकरूंची नामावळी ते पिढ्यान्‌पिढ्या जपतात आणि कोणत्या गावाचे, जातीचे, आडनावाचे यजमान कोणाकडे, हे तेथे ठरलेले असते. त्या नोंदींत आलेल्या माणसाचे नाव, वाडवडिलांची, भावांची, मुलांची आणि पुष्कळदा घरातील स्त्रियांचीही नावे असतात. लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल व बरोबरच्यांबद्दल दिलेली माहिती पक्की धरावी. पणजोबांचे नाव त्यानेही ऐकूनच लिहिलेले असते. दक्षिणा द्यावी, परवानगी घेऊन छायाचित्र काढावे आणि त्याच पानावर आपलीही नोंद करून यावे. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना हेळवी ठाऊक असतील. वंशावळी मुखोद्गत ठेवून दारोदार सांगणाऱ्या या लोकांचे सांगणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्यास उशीर करू नये.

प्रश्न : वंशावळीवरचे लेख वाचले की ते वतनदार आणि इनामदार घराण्यांसाठीच असतात असे दिसते. आमचे घराणे पूर्वाश्रमीचे महार. कुलवृत्तांत नाही, सनद नाही. आम्ही कोठे शोधावे? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. तरीही आपल्या घराण्याची नोंद सरकारी दप्तरांत नाही असे समजू नये, कारण महारकी हेही वतनच होते. १८७४ च्या वतन कायद्याखाली कनिष्ठ ग्रामनोकरांच्या वतनांच्याही नोंदी झाल्या. याच कायद्यात दुरुस्ती करावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १९५८ च्या कायद्याने ही वतने खालसा झाली आणि जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन धारकांना पुन्हा देण्यात आल्या. त्या फेरवाटपाचे आदेश व फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागावेत. एका वतनात अनेक घरांच्या तक्षिमा (वाटे) असल्याने कोणत्या मूळ पुरुषाच्या किती शाखा झाल्या हे त्या कागदांत दिसू शकते. सनदेची ऐट त्यांना नसेल, पण वंशाच्या पुराव्यासाठी ते तितकेच पक्के आहेत.

दुसरे साधन म्हणजे गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म आणि मृत्यू यांची ही गावपातळीवरील नोंदवही असून तिच्यात जमीन असलेला आणि नसलेला असा भेद नसतो. मात्र लिहिणाऱ्याने नावे कशी लिहिली याकडे लक्ष द्यावे. शाळेच्या जनरल रजिस्टरात जो ‘रामचंद्र’ आहे तो येथे ‘रामा’ असेल आणि आजी नुसतीच ‘सखी’ असेल. वरच्या जातींच्या नावांना राव, पंत, बाई ही शेपटे न चुकता लागत आणि इतरांची गळत, हा त्या लेखनिकांचा संस्कार होता. त्याआधीच्या कागदांत ‘रामनाक वल्द सिदनाक’ अशी नावे भेटतात. वल्द किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. भीमा कोरेगावच्या स्तंभावरील अनेक नावांच्या शेवटी हेच ‘नाक’ आहे. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत आमचा पूर्वज होता, असे आज अनेक घरांत सांगितले जाते. परंतु स्तंभावरच्या नावाशी केवळ नाव जुळते म्हणून नाते जोडता येत नाही. गावाचा किंवा वडिलांच्या नावाचा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत ती घरची आठवण म्हणूनच नोंदवावी.

घरातील कोणी सैन्यात होते का, हेही विचारावे. १११ महार ही पलटण १९१७ साली उभी राहून १९२१ मध्ये मोडली गेली आणि महार रेजिमेंट १९४१ साली स्थापन झाली. सैनिकाच्या सेवामुक्तीच्या व निवृत्तिवेतनाच्या कागदांवर गाव, वडिलांचे नाव आणि वारस असतो. गिरणी, रेल्वे, नगरपालिका येथील नोकरीची सेवापुस्तकेही अशीच उपयोगी पडतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी नावे बदलली, काहींनी आडनावेही बदलली. म्हणून त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची नावे शेजारी शेजारी लिहून जोडणारा कागद शोधावा. शाळेचा दाखला आणि राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल हे असे कागद होत.

प्रश्न : आजोबांची जन्मतारीख शाळेत १ जून १९३६ आहे, घरच्या वहीत ‘फसली १३४३’ एवढेच आहे. कोणती खरी? — एक वाचक, नांदेड

उत्तर : १ जून ही त्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाचे वय अंदाजाने ठरवून ती टाकलेली असे. तिच्यावरून फार तर शाळाप्रवेशाचा काळ कळतो. फसली ही महसुली कालगणना असून तिच्या सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे. म्हणजे फसली १३४३ हे १९३३-३४ होय. घरच्या वहीतील नोंद जन्माच्या वेळी केलेली असेल तर तीच ग्राह्य धरावी. पुढे कधी आठवणीने लिहिली असेल तर दोन्ही तारखा स्रोतासह लिहून प्रश्न उघडा ठेवावा. मराठवाड्यात निजामी काळातील महसुली कागद उर्दूतही असल्याने वाचणारा आधीच शोधून ठेवावा. १९५४-५५ ची खासरा पत्रके आणि १९५१ च्या जनगणनेच्या वेळचे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर ही पुढची साधने होत. २०२३ मध्ये नेमलेल्या कुणबी जातीच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे यांतील बरेच अभिलेख हुडकून काढून संगणकावर आणले गेले आहेत. त्या शोधात जातीच्या रकान्यावर लक्ष होते. आपल्याला शेजारचा, नावांचा रकाना पाहायचा आहे.

प्रश्न : आमचे पूर्वज मजूर म्हणून मॉरिशसला आले. घरी मराठी सण अजूनही होतात, पण कोकणातील मूळ गाव कोणालाच ठाऊक नाही. — एक वाचक, मॉरिशस

उत्तर : आपली सुरुवात कोकणातून न होता मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून व्हायला हवी. गिरमिटाच्या, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांच्या नोंदवह्या तेथे जतन केलेल्या आहेत आणि प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिलेला असे. तो क्रमांक मुलांच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या जुन्या दाखल्यांवर मिळतो का ते आधी पाहावे. क्रमांक मिळाल्यास वडिलांचे नाव, वय, जात, जहाज, जिल्हा आणि गाव अशी माहिती मिळण्याचा संभव आहे. गावाचे नाव इंग्रजी किंवा फ्रेंच कानांनी ऐकून लिहिलेले असल्यामुळे ते मोठ्याने वाचून पाहावे, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या गावयाद्यांशी ताडावे. सिंधुदुर्ग हा १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता, फक्त सावंतवाडीचे संस्थान १९४८ पर्यंत वेगळे होते. ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले असेल तर ते बंदराचे नाव असू शकते. घरातील कुलदैवताचे नाव आणि लग्नातील देवक आठवत असेल, तर तेही लिहून ठेवावे, कारण सारख्या नावाच्या दोन गावांतून निवड करताना ते कामी येते.

प्रश्न : आमचा कुलवृत्तांत छापायचा आहे. एक दत्तकप्रकरण आणि एका विधवा आजीचा पुनर्विवाह वगळावा असा काही मंडळींचा आग्रह आहे. सुनांची माहेरची नावेही अर्धीच मिळाली आहेत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : संशोधनाची प्रत आणि छापायची प्रत अशा दोन वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या प्रतीतून काहीही वगळू नये. दत्तक तर मुळीच वगळू नये, कारण दत्तक गेलेला मुलगा जनक घराच्या कागदांत अचानक दिसेनासा होतो आणि दुसऱ्या आडनावाने दुसरीकडे उगवतो. ते लपवले की पुढच्या संशोधकाला दोन्ही घरांत चूक सापडेल. जनक आणि दत्तक अशा दोन्ही पित्यांची नावे द्यावीत. पुनर्विवाहाबाबत मात्र त्या आजींच्या हयात मुलांचे मत अंतिम मानावे. इतर भाऊबंदांच्या मताला माझ्या दृष्टीने फारसे वजन नाही.

सुनांसाठी लग्नपत्रिका, तीर्थोपाध्यायांच्या नोंदी आणि माहेरच्या घराचे वारस फेरफार पाहावेत. लग्नात नाव बदललेले असल्याने माहेरच्या कागदांत त्या दुसऱ्याच नावाने असतील, हे लक्षात ठेवून तेथे गावाच्या आणि भावाच्या नावाने शोध घ्यावा. गोव्यातील देवस्थाने ज्यांची कुलदैवते आहेत त्या घरांना महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांतील सभासदांच्या, याद्या पडताळता येतील, परंतु त्यांत पुरुषांचीच परंपरा असते. हयात व्यक्तींच्या पूर्ण जन्मतारखा छापू नयेत. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव एकाच पानावर आले की बँकेच्या खात्याशी खेळ करणाऱ्याला तेवढे पुरते. जन्मवर्ष पुरेसे आहे, आणि तेही त्या व्यक्तीला विचारून छापावे.